रुसवा काढायला निघालेली खुर्जी

मित्रांनो, मी एक जुनी खुर्जी आहे. घोड्याच्या पाठीवर आडवी टाकायची लोकरी झोळी, दोन्ही अंगांना एकेक पोट. हल्ली मी मोटारसायकलवर बसते. घोड्याच्या जागी इंजिन आलं, माझ्या जागी कोणी आलं नाही. हे गर्वाने सांगत नाही, असं म्हणायची पद्धत आहे. मी गर्वानेच सांगते.

बुरुलआपाने मला लाल-काळ्या लोकरीत विणलं. तिचा नवरा कुबात मला घेऊन कुरणामागून कुरणं पालथी घालायचा. लोक म्हणायचे, "कुबात, घोडा विकलास तरी खुर्जी विकू नकोस." मग एके दिवशी त्यांची मुलगी आयझिरेक घरी न सांगता जिरगाल नावाच्या मोटारसायकलवाल्याबरोबर निघून गेली, आणि जाताना कपडे माझ्यात भरले. कुबातने निरोप धाडला, "मुलगी गेली ते एक वेळ सोसेन. माझी खुर्जी कशाला नेली?" त्यानंतर त्याने बोलणंच टाकलं.

अशा वेळी आमच्याकडे जावयाने भेटवस्तू घेऊन सासऱ्याचा राग शमवायला जायचं असतं. जिरगालला धीर यायला दोन वर्षं लागली. सासरा उन्हाळ्यात सोंग-कोल तळ्याकाठच्या कुरणावर. वाट डोंगराची, मुक्काम तंबूत.

"कुलपाच्या प्लास्टिक पेट्या घेऊ," जिरगाल म्हणाला.

"त्या फुगतात का?" आयझिरेकने विचारलं.

"नाही."

"मग आपल्या लोकांत काय कामाच्या?"

आयझिरेकने मलाच भरलं. एका पोटात तंबूच्या मेखा, किटली आणि नट आवळायचे पाने तळाला, वर झोपायच्या पिशव्या. दुसऱ्यात वडिलांसाठी मखमली अंगरखा, आईला रुमाल आणि चांगला चहा. पावसाचे कोट सगळ्यांत वर, कारण ते सगळ्यांत आधी लागतात. दोन्ही पोटं हातांनी उचलून तिने वजन जुळवलं. इतकं नीट मला कुबातनेही कधी भरलं नव्हतं.

कोचकोर गाव सोडलं आणि आदरातिथ्य सुरू झालं. पहिल्याच नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, तंबूघरातून एक म्हातारी धावत आली. चहा पाजला आणि निघताना वाळवलेल्या आंबट दह्याच्या गोळ्यांची पिशवी माझ्यात कोंबली. आता कोणी काही दिलं तर त्याला रिकाम्या हाताने सोडायचं कसं? जिरगालने चहा काढून दिला. पुढच्या घरी लोणी मिळालं, रुमाल गेला. मग एका म्हाताऱ्याने लोकरी मोजे दिले. जिरगाल भिडस्त. आयझिरेक पाणी आणायला गेली होती, तेवढ्यात त्याने अंगरखा दिला.

खिंडीखाली तंबू ठोकताना आयझिरेकने मला उघडलं.

"अंगरखा कुठाय?"

"मोज्यांच्या आजोबांना."

"नको म्हणायला तोंड नव्हतं?"

"म्हातारा माणूस गं. वाईट वाटलं असतं त्याला."

"छान. आता माझ्या बापाला वाटू दे."

मी मात्र दुप्पट फुगले होते. एक टाका सैल पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कुरणावर पोचलो, तर कुबात दाराशी उभा होता. जिरगालला त्याने पाहिलंच नाही. मला पाहिलं. उतरवून घेतलं, पट्ट्यांवरून हात फिरवला आणि जमिनीवर उपडं केलं. बुरुलआपा मागे उभी राहून बघत होती.

"भेटवस्तू कुठायत?" कुबातने विचारलं.

"वाटेत वाटल्या, बाबा," जिरगाल म्हणाला. सासऱ्याला पहिल्यांदाच बाप म्हणत होता, तेही अशा वेळी.

कुबातने एक गोळी चाखली. "ही सायराच्या घरची. तीच इतकं मीठ घालते." लोण्याचा वास घेतला. "हे एसेनच्या घरचं." मोजे उलटसुलट केले. "आणि हे त्या कंजूस तोकोचे. त्याने मोजे दिले?"

"दिले."

"मला चाळीस वर्षांत कधी दिले नाहीत." कुबातने मोजे मांडीवर ठेवले. "म्हणजे अख्ख्या वाटेने जावई पत्करला. मीच एकटा रुसून बसलोय होय? बुरुल, चहा टाक."

बुरुलआपाने लेकीला जवळ घेतलं. कुबातने मोजे घातले, ते त्याला नेमके बसले. निघताना त्याने मला पुन्हा काठोकाठ भरलं आणि स्वतःच्या हातांनी मोटारसायकलवर टाकलं.

मित्रांनो, ओला तंबू माझ्यासारखीत कधी भरू नका, लोकर कुजते. आम्हाला काठीने बडवू नका, उन्हात झटका. आणि लांबच्या वाटेची बांधाबांध करताना थोडी जागा रिकामी सोडा. वाटेत माणसं भेटतात.