अँक्शसचा दुसरा अर्थ

मुर्धा गावची मिनल एका कंपनीमार्फत घरी बसून, लॅपटॉपवर, कोरियातल्या लोकांना इंग्रजी शिकवते. सोमवारचा तास संपता संपता बासष्ट वर्षांच्या सूनजाबाईंनी एक कागद कॅमेऱ्यासमोर धरला. लग्नाआधी झालेली मुलगी त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी दत्तक दिली होती. ती अमेरिकेत वाढली, कोरियन तिला येत नाही. शोधत शोधत तिने आईला पहिलं पत्र लिहिलं होतं. त्यात एकच ओळ होती: आय ॲम अँक्शस टू मीट यू.

"टीचर, अँक्शस म्हणजे?"

"घाबरलेली. काळजीत असलेली," मिनलने घाईघाईत सांगितलं. पुढचा विद्यार्थी थांबला होता.

"माझ्या डिक्शनरीतही पहिलं तेच आहे." सूनजाबाईंनी कागदाची घडी घातली. "तिला भीती वाटते. मी तिला येऊ नकोस म्हणून कळवते."

मंगळवारी सकाळी दुसऱ्या कुणासाठी शब्दांची यादी करताना मिनलने तो शब्द सहज उघडून पाहिला. पहिला अर्थ, चिंताग्रस्त. त्याखाली दुसरा: पुढे 'टू' आणि क्रियापद आलं, तर बहुतेक वेळा आतुर.

सोमवारी तिने नेमका उलटा अर्थ सांगितला होता.

तिच्याकडे सूनजाबाईंचा नंबर नव्हता. कंपनीच्या ॲपवर तिने तीन मेसेज टाकले. एकही वाचला गेला नाही. पुढचा तास थेट गुरुवारी. बुधवारी शिकवताना तिचं लक्ष सारखं मोबाइलकडे जात होतं.

"काय झालंय गो तुला? दोन दिस धड जेवली न्हाय," तिची आई अंबिका म्हणाली.

मिनलने सगळं सांगितलं. "आणि त्यांनी कंपनीला कळवलं तर माझं काम जाईल, आई."

"जाऊं दे. तिची पोर हाय ती. सांग तिला."

गुरुवारी स्क्रीनवर चेहरा दिसताच मिनल म्हणाली, "मॅडम, मी चुकीचं सांगितलं. ती घाबरलेली नाहीय. तिला तुम्हाला भेटायची ओढ लागलीय."

सूनजाबाईंनी घडी घातलेला कागद पुन्हा उघडला. "माझं उत्तर मंगळवारीच गेलं. ईमेलने," त्या म्हणाल्या. मग, "आमच्याकडे या दोन गोष्टींना वेगवेगळे शब्द आहेत."

"आमच्याकडेही."

"टीचर, लिहा. आत्ता."

त्या बोलल्या, मिनलने टाइप केलं. 'माझी समजण्यात चूक झाली' या वाक्यावर मिनल थांबली आणि 'माझ्या टीचरने चुकीचा अर्थ सांगितला' असं लिहिलं. सूनजाबाईंनी ते वाचलं, पण बदलायला सांगितलं नाही.

त्यानंतर त्या तासाला आल्याच नाहीत. सोमवारी, गुरुवारी मिनल त्यांच्या वेळेला लॅपटॉप उघडून बसायची. मुलीने उत्तरच दिलं नसेल तर? एकदा झिडकारलेली पोर पुन्हा कशाला विचारेल?

चौथ्या आठवड्यात मेसेज आला. 'मुलगी आली. पाच दिवस राहते. मोबाइलवर भाषांतर करून बोलतो, खूप बोलतो. थँक यू. आता मी दुसऱ्या टीचरकडे शिकते.'

मिनलने तो आईला वाचून दाखवला, शेवटचं वाक्य सोडून.