चौदावी रेषा

गोपाळकृष्ण नेने यांचा कशावरही चटकन विश्वास बसत नसे. फेब्रुवारी २००१मधल्या त्या सकाळी महिपत तांडेलाच्या होडीवरचा जीपीएस मुका झाला, तेव्हा त्यांनी आधी बॅटरी तपासली, मग वायर, मग एरियल. सारं ठीक होतं. पडद्यावर उपग्रहांची संख्या तेवढी शून्य होती.

"गेला का हा?" महिपत म्हणाला. "चला, आता तुमच्या कागदाची परीक्षा. नायतरी त्यासाठीच आलाव ना, सर?"

धुकं दाट होतं, किनारा दिसत नव्हता. ओहोटी लागायच्या आत काळबादेवीच्या खाडीत शिरायला हवं होतं आणि मुखाच्या दोन्ही अंगांना खडक होते. होकायंत्रामुळे पूर्व कळत होती. आपण किनाऱ्याच्या नेमक्या कोणत्या भागासमोर आहोत, ते कळत नव्हतं.

नकाशा त्यासाठीच होता. समुद्रतळाखालचा काळा पाषाण कुठे कमी, कुठे अधिक चुंबकीय असतो. त्यानुसार पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आकडा जागोजागी बदलतो. महिपतच्याच होडीमागे मोजणीयंत्र ओढत, अर्ध्या-अर्ध्या किलोमीटरवर पूर्व-पश्चिम रेषा धरून नेन्यांनी हे चढउतार टिपले होते. त्याच वेळी आरे-वारेच्या सुरुबनात दुसऱ्या यंत्रापाशी त्यांची पत्नी कमला बसत असे. ऊन चढलं की सगळीकडचंच क्षेत्र थोडं वाढतं. ती वाढ किनाऱ्यावर मोजून समुद्रावरच्या आकड्यांतून वजा करावी लागते. दर दहा मिनिटांनी एक नोंद. जवळ लोखंड नको, म्हणून ती साडीच्या पिना आणि छत्री वीस पावलांवर काढून ठेवी.

तिला जाऊन दीड वर्ष झालं होतं. मोजणी तेव्हाच थांबली. हा नकाशा एखादी होडी घरी आणू शकतो, एवढं एकदा सिद्ध व्हायला हवं होतं. नाहीतर दोघांची ती चार वर्षं कशात गेली, याचं उत्तर नेन्यांपाशी नव्हतं.

होडी पूर्वेला सरकत होती. नेने मागे ओढल्या जाणाऱ्या मोजणीयंत्राचे आकडे लिहून घेऊ लागले. चढउतारांची ठेवण चौदाव्या रेषेची होती : आधी एक खोल उतार, मग लागोपाठ दोन उंचवटे. पण प्रत्येक आकडा नकाशातल्यापेक्षा चाळीसने कमी येत होता. नुसते आकडे धरले, तर ते सतराव्या रेषेशी जुळत होते. चौदावी रेषा थेट खाडीच्या मुखात शिरते. सतरावी तिथून दीड किलोमीटर उत्तरेला. सतराव्या रेषेवर असू, तर दक्षिणेला वळायला हवं. चौदाव्या रेषेवर असून वळलो, तर खडक.

"सर, काय तो निर्णय सांगा."

"थांब जरा."

"मी थांबेन हो. पाण्याला कोण सांगणार?"

सकाळी आठला क्षेत्र चाळीसने हलत नाही. म्हणजे चूक आजची नव्हती. नेन्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून कमलाची वही काढली. चौदावी रेषा : १९ नोव्हेंबर १९९८, भर दुपार. अकरापासून दोनपर्यंत अठरा नोंदी, प्रत्येक आधीच्यापेक्षा बरोबर एकने कमी. अक्षर नेहमीसारखंच, सुबक. त्या संध्याकाळी आपण तिला म्हणालो होतो, "आज क्षेत्र किती शांत होतं, पाहिलंस?" ती हसली होती.

निसर्ग इतका आज्ञाधारक नसतो. एरवी त्यांनी प्रत्येक यंत्रावर, प्रत्येक ग्रंथावर संशय घेतला होता. ही वही मात्र कधी तपासली नव्हती.

दुपारची वाढ वहीत उतरलीच नव्हती, म्हणून ती वजाही झाली नव्हती. नकाशातला आकडा तेवढ्यानेच फुगला होता.

"सरळ चल," ते म्हणाले. "वळू नकोस."

"नक्की?"

"नक्की म्हणणार नाही. पण सरळ चल."

पाऊण तासाने डावीकडे लाट फुटल्याचा आवाज आला, मग उजवीकडे. मधलं पाणी शांत होतं. महिपतने इंजिन मंद केलं आणि हसत ओरडला, "पास झाला कागद! पैल्या नंबरात!"

घरी आल्यावर नेन्यांनी कमलाची आजारपणाची फाइल दीड वर्षात पहिल्यांदा उघडली. सर्वांत जुना केसपेपर १९ नोव्हेंबरचा होता. वेळ, दुपारी बारा वीस. अकराच्या सुमारास एसटीने ती रत्नागिरीला गेली असणार आणि होडी परतायच्या आत सुरुबनात येऊन बसली असणार. मोजणी बंद पडू नये, म्हणून तिने सांगितलं नाही. किंवा सांगूनही आपण ती बंद केली नसती, हे तिला ठाऊक होतं. दोन्हींपैकी खरं कोणतं, हे ठरवायला पुरावा नव्हता. त्यांना दुसरंच अधिक संभवनीय वाटलं.

आठवड्याने महिपत मासे द्यायला आला. नकाशाची नवी प्रत टेबलावर पसरलेली होती. तिच्यावर मधला एक पट्टा कोरा होता.

"हा काय? ह्याच वाटेने आलाव ना आपण?"

"ती दुरुस्ती माझा अंदाज होता. अंदाज नकाशात घालता येत नाही. पुन्हा मोजावं लागेल."

"मग मोजूया की. उद्या काढतो होडी."

"किनाऱ्यावर कोण बसणार?" नेने म्हणाले. "चौदावी रेषा मोजली, त्या दुपारीही तिथे कोणी नव्हतं."

"असा कसा? बाई होत्या ना! मी स्वतः हात केला त्यांना."

"सकाळी होती," नेने म्हणाले. "आणि संध्याकाळी होती."