सोळानंतर पेंटरचं घर

मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. लोकांना 'थोडं थांबा' म्हणण्याचा मला पगार मिळतो. दाढ ठणकणाऱ्या माणसालाही मी अशा आवाजात थांबायला सांगते, की तो बिचारा गाल धरून 'हो हो, काही घाई नाही' म्हणतो. त्यामुळे पार्सलवाल्या कंपनीतली मुलगी फोनवर मला अगदी त्याच आवाजात 'थोडं थांबा मॅडम' म्हणाली, तेव्हा मी मनात म्हटलं, घ्या, पेरलं ते उगवलं.

पार्सल माझ्या नावावर होतं, पण वस्तू आमच्या ह्यांच्यासाठी होती, आणि ह्यांना त्यातलं काही माहीत नव्हतं. आमचे हे पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, शाळांच्या, गॅरेजच्या. या भागातली निम्मी मुलं ह्यांच्या अक्षरावर वाचायला शिकली असतील. म्हणून लोक ह्यांना पेंटर म्हणतात, घराला पेंटरचं घर आणि मला दातवाल्या काकू. मग प्लास्टिकची अक्षरं आली. कॉम्प्युटरवर टाइप करायची, मशीनने कापायची, चिकटवायची. काम सुटत गेलं तसे हे भाच्याच्या छपाईच्या दुकानात जायला लागले. तिथे दिवसभर प्लास्टिकच्या अक्षरांच्या कडा सोलतात. तक्रार करत नाहीत. नवरा तक्रार करेनासा झाला की बायकोच्या जिवाला जास्त घोर लागतो, पण हे ह्यांना कोण सांगणार.

ह्या धंद्याचा एक नियम मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळला होता. काम संपलं की ब्रश रॉकेलमध्ये धुवायचा, केसांना तेल लावायचं, दोन बोटांनी टोक काढायचं आणि डब्यात आडवा निजवायचा. "ज्याला उद्या परत यायचंय, तो तेल लावतो," हे म्हणायचे. एक दिवस हे तेल लावायचं विसरले. दुसऱ्या दिवशीही. मी पाहिलं आणि बोलले नाही. पुढे त्या डब्याला कसर लागली आणि ते लांब, मऊ केसांचे ब्रश कुरतडून गेले.

म्हणून मी ह्यांच्या वाढदिवसासाठी तसलाच संच शोधून शोधून मागवला होता. अक्षरांचे ब्रश अजून हाताने बांधणारा एक कारागीर सापडला. माझ्या पगारातून जे पैसे बाजूला टाकत आले होते, ते सगळे त्यात गेले. आणि पार्सल गायब झालं. पैसे परत आले तरच दुसरीकडून मागवता येणार होते. पैशांपेक्षा मला दुसरीच भीती होती. अजून थोडा काळ गेला, तर ब्रश हातात देऊनही उपयोग होणार नाही, असं मला वाटत होतं.

कंपनीच्या हिशेबी पार्सल हरवलंच नव्हतं. 'पोचलं' असा निरोप होता आणि सोबत फोटो. सिमेंटची पायरी, निळं पायपुसणं, त्यावर खोकं, मागे अर्धं दार. दार माझं नव्हतं आणि पायपुसणंही माझं नव्हतं. तक्रार करायला गेले तर आधी एक मशीन बोलायला आलं. त्याने मला पर्याय दिले : पार्सल उशिरा आलं, पार्सल फुटलेलं आलं, पार्सल छान आलं. आलंच नाही, हा पर्याय त्याला कुणी शिकवलेला नव्हता. मी 'फुटलेलं' दाबलं, तेव्हा कुठे ती मुलगी भेटली.

"मॅडम, आमच्याकडे पोचल्याचा फोटो आहे."

"फोटो आहे, पण दार माझं नाही."

"मग तुमच्या दाराचा फोटो पाठवा. घराचा नंबर स्पष्ट दिसला पाहिजे. दारं जुळली नाहीत तर पैसे परत मिळतील. फक्त रविवारपर्यंत पाठवा."

इथे मी गप्प झाले. मला गप्प करणं सोपं नाही, आमचे डॉक्टर साक्ष देतील.

आमच्या दारावर नंबरच नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. जवळजवळ सगळ्या गल्लीचे नंबर ह्यांनी रंगवलेले, सोळा ह्यांचा, अठरा ह्यांचा, आणि मधलं आमचं दार कोरं. होता पूर्वी, पण दाराला नवा रंग देताना ह्यांनी तो खरवडला आणि म्हणाले, आपल्या दारावर कसलाही सतरा चालणार नाही, विचार करून काढू. तो विचार चालूच राहिला. नीट पाहिलं तर दारावर खडूची एक आडवी रेघ अजून दिसायची. दुसऱ्या कुणी पाच मिनिटांत आकडा काढून टाकला असता. ह्यांना येत होतं, म्हणून राहिलं.

आधी मी स्वतःच करून पाहिलं. कागदावर जाड पेनाने सतरा लिहिलं, दाराला चिकटवलं, फोटो पाठवला. मुलीचं उत्तर आलं : "मॅडम, कागद कुठल्याही दाराला लावता येतो. कायमचा नंबर हवा." बरोबर होतं तिचं. मीही तेच म्हटलं असतं.

भाच्याच्या दुकानात प्लास्टिकचा आकडा चहाच्या किमतीत मिळतो. मी एक लावला असता तर हे त्यावर काही बोलले नसते. नुसतं पाहिलं असतं आणि आत गेले असते. तेच मला नको होतं.

शेवटी जेवताना विषय काढला. "अहो, दारावर नंबर टाका ना."

"का गं, एकदम?"

"दवाखान्यात पत्ता नोंदवायचाय. नंबर दिसायला हवा म्हणतात."

ताकाला जाऊन भांडं लपवायचा हा प्रकार, पण ह्यांनी मान डोलावली. "टाकू की," म्हणाले. आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर सतरा काढायला बसले. जाड सतरा, सडपातळ सतरा, मागे झुकलेला सतरा. एकाची मान आखूड, दुसऱ्याचं पोट पुढे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घरातला एकही पेपर कोरा राहिला नाही आणि दार मात्र कोरंच. शनिवारी संध्याकाळी माझा संयम सुटला.

"एक आणि सात," मी म्हटलं. "पहिलीतली मुलं काढतात. तुमच्याकडून एवढं होत नसेल तर सांगा, मी उद्या प्लास्टिकचा आणते."

बोलून गेले आणि जीभ चावली. हे उठले. माळ्यावरचा डबा काढला, माझ्यासमोर ठेवला, झाकण उघडलं. आत ब्रशांचे दांडे होते आणि टोकाला कुरतडलेल्या केसांची बुडखी.

"कशाने काढू?" हे म्हणाले. मग जरा वेळाने, "आणि खरं सांगू का, ब्रश असता तरी हात चालेल की नाही, कोण जाणे. कागदावर पेन्सिल चालते. ती पुसता येते."

ब्रश मागवलेत हो मी, कुठेतरी एका निळ्या पायपुसण्यावर पडलेत, असं सगळं ओठांपर्यंत आलं होतं. पण नुसतं सांगून काय देणार होते मी ह्यांच्या हातात? मी डब्यातले दांडे एकेक करून बाहेर काढत राहिले. तळाशी एक ब्रश निघाला, त्याचे केस एकाच बाजूने खाल्लेले होते.

"हा कापून सारखा केला तर?" मी विचारलं.

"आखूड होईल."

"आकडाही आखूडच काढायचाय. महाकाव्य नाही लिहायचं."

हे हसले. किती दिवसांनी हसले. मग दाढीचं पातं मागितलं आणि खिडकीपाशी बसून एकेक केस सारखा करत राहिले.

रविवारी सकाळी हे स्टूल घेऊन दारापुढे बसले. डाव्या हातात काठी, तिचं चिंधी गुंडाळलेलं टोक दारावर टेकवलेलं, तिच्यावर उजवं मनगट. मी रंगाची वाटी धरून उभी. पहिली रेघ थरथरली. ह्यांनी ती चिंधीने पुसली. दुसरीही थरथरली, तीही पुसली. मी वाटीकडेच बघत राहिले. मग ह्यांनी स्टूल थोडं पुढे घेतलं, श्वास घेतला, आणि श्वास सोडता सोडता रेघ वरून खाली आणली. ती रेघ सरळ आली. सातच्या वळणावर आले तेव्हा ह्यांच्या जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलं. काम रंगात आलं की ते येतं. ती जीभ मी वर्षानुवर्षं पाहिली नव्हती.

रंग ओला असतानाच मी फोटो काढून पाठवला. थोड्या वेळात उत्तर आलं : "दार जुळत नाही. पैसे परत करत आहोत." आणि खाली, नियमाबाहेरचं एक वाक्य : "मॅडम, नंबर खूप छान आहे." मी पायरीवर बसून दुसरा संच शोधायला लागले. कारागिराकडे संपले होते. बाकी ठिकाणी जे होते ते भिंती रंगवायचे.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाला नव्याने राहायला आलेली नर्स रात्रपाळी करून परत येताना दिसली. डोळे अर्धे मिटलेले, खांद्यावर पिशवी. आमच्या दारापाशी आली आणि थबकली.

"हे सतरा आहे?"

"आत्ताच झालंय," हे म्हणाले. "हात लावू नका, ओलं आहे."

"अहो, मी आठवडाभर सतरा शोधतेय," ती म्हणाली. "मी दिवसा झोपले होते, तेव्हा कुणीतरी सतरा नंबरचं खोकं माझ्या दारात ठेवून गेलं. ज्याला विचारावं तो सांगतो, इथे सतरा नाहीच. सोळानंतर पेंटरचं घर, मग अठरा."

"खोक्यावर नाव असेल ना," मी म्हटलं.

तिने नाव सांगितलं. माझंच, कागदोपत्री नाव. या गल्लीत ते कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. मी सगळ्यांसाठी दातवाल्या काकू.

"मग पेंटरच्या घरी विचारायचं नाही का?"

"पेंटरच्या घरी कशाला विचारू, काकू? मला सतरा हवं होतं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण वळसा घालणारी मी एकटी नव्हते, एवढंच समाधान. ती गेली आणि खोकं घेऊन आली. मी पायरीवरून उठेपर्यंत तिने ते ह्यांच्याच हातात दिलंही होतं. ह्यांनी नाव वाचलं.

"तुझं आहे."

"उघडा," मी म्हटलं. वाढदिवस अजून पुढे होता, पण आता लपवायला माझ्याकडे भांडंच उरलं नव्हतं.

ह्यांनी खोकं उघडलं. एक ब्रश काढला, केस मनगटावर फिरवून पाहिले. दुसरा काढला. मग दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे दवाखान्यातला पत्ता वगैरे..."

"थाप होती."

"हे ब्रश वेळेवर आले असते तर, माहितीये काय झालं असतं?" हे म्हणाले. "मी तुला छान आहेत म्हटलं असतं, आणि डब्यात ठेवून दिले असते."

ते खरं होतं. त्या आठवड्यात मी कंपनीच्या नावाने जेवढी बोटं मोडली होती, तेवढी मनातल्या मनात परत घेतली.

नर्स अजून उभीच होती. म्हणाली, तिच्या दारावर प्लास्टिकचा नंबर आहे आणि त्यातला एक आकडा पडलाय. "तुम्ही काढून द्याल का?"

"झोपा तुम्ही आधी," हे म्हणाले. "दुपारनंतर येतो."

दुपारी हे तिकडे गेले आणि मी मशीनशी भांडायला बसले. पार्सल मिळालं, तुमचे पैसे परत घ्या, असं सांगायलाही पर्याय नव्हता. पुन्हा 'फुटलेलं' दाबलं. तीच मुलगी आली. तिने दोनदा विचारलं, मॅडम नक्की ना. मी म्हटलं, नक्की. ती म्हणाली, हे कसं करायचं ते मला वरच्यांना विचारावं लागेल.

"थोडं थांबते," मी म्हटलं.

उन्हं उतरल्यावर हे परत आले. बोटांना निळा रंग लागला होता. पायपुसण्याशी मिळताजुळता निळा निवडला म्हणाले, आणि तिच्या शेजारच्या बाईंनीही थांबवून त्यांच्या दाराचं विचारलंय. मागच्या दारी रॉकेलचा वास आला, वाटीत दांडा हलवल्याचा आवाज आला. मी आत भाजी चिरत होते.

"अगं," हे तिथूनच म्हणाले, "तेलाची बाटली कुठंय?"

इतक्या वर्षांत मी ती कधी हलवली नव्हती, रिकामीही होऊ दिली नव्हती.

"जागेवरच आहे," मी म्हटलं.