वामकुक्षी आणि अर्धं हसू

दुपारी सव्वातीनला आतल्या खोलीत स्टीलचा पेला पडला. टण्ण! मग लादीवर गोल गोल फिरत तो बराच वेळ वाजत राहिला. मृणालची बोटं लॅपटॉपवर थबकली. या घरात दोन ते साडेतीन म्हणजे कर्फ्यू. सासरे, म्हणजे आबा, वामकुक्षी घेत. पाच वर्षांची अबोली त्यांच्या पायाशी चित्रांचं पुस्तक घेऊन लोळे, आणि तेवढ्या दीड तासात मृणाल ऑफिसचं तुंबलेलं काम उरकून घेई.

"आई, आबांनी पाणी सांडलं!" बातमी आली.

आबा पलंगाच्या काठावर बसले होते. डावा हात मांडीवर ठेवलेला आणि नजर त्याच्यावर, जणू कुणी आपला हात तिथे विसरून गेलंय.

"काही नाही गं. अंगाखाली आला, बधिर झालाय." शब्द जरा जड येत होते, गालात सुपारी धरून बोलावं तसे. झोपेतून उठलेत, म्हणून असेल, मृणालला वाटलं.

वामकुक्षी हा आबांचा धर्म. पस्तीस वर्षं कोल्हापूरला एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, शेवटी फोरमन. तिथेही जेवणाच्या सुट्टीत बाकड्यावर डाव्या कुशीला दहा मिनिटं पडायचेच. फरीदाबादला मुलाकडे आल्यावर त्या दहा मिनिटांचा दीड तास झाला, इतकाच फरक. त्यामुळे डावा हात बधिर झाला तर कारण शोधायला लांब जायची गरजच नव्हती. मृणालही फडकं आणायला वळली.

"आबा, तुम्ही अर्धंच का हसताय?" अबोलीने विचारलं.

मृणाल उंबऱ्यातच थांबली. नात घाबरू नये म्हणून आबा हसत होते. ओठांचा उजवा कोपरा छान वर गेलेला. डावा मात्र जिथल्या तिथे, किंचित खालीच.

मागच्या महिन्यात ऑफिसने पक्षाघातावर एक ऑनलाइन सेशन ठेवलं होतं. मृणालने ते कॅमेरा बंद करून, दोन किलो मटार सोलत ऐकलं होतं. ऐकलं म्हणजे, कानावरून गेलं. आता त्यातलं काय उरलंय ते ती भराभर आठवू लागली. चेहरा, हात, बोलणं. आणि घड्याळ, म्हणजे वेळ घालवायचा नाही.

"आबा, दोन्ही हात समोर धरा. आता डोळे मिटा."

"कवायत घेतेस होय माझी?"

"धरा हो."

उजवा हात तसाच राहिला. डावा सावकाश, त्यांच्या नकळत, खाली येत गेला.

अबोली मोठ्या शहाणपणाने दुसरा पेला भरून घेऊन आली होती. मृणालने तो मधल्यामधेच काढून घेतला. "आत्ता आबांना काही प्यायला द्यायचं नाही, राणी. नीट गिळता आलं नाही तर ठसका लागेल." मग तिने ॲम्ब्युलन्सला फोन लावला. पलीकडच्या माणसाला तिने दोनदा बजावलं, "भैया, वहीं ले चलिए जहाँ सीटी स्कैन अभी के अभी हो जाए." मग गुरुग्रामला नवऱ्याला, निहारला.

पण तेवढ्या दहा मिनिटांत एक भलतंच झालं. आबा बरे झाले. हात वर गेला, मूठ वळली, जीभ मोकळी झाली.

"बघ! गेल्या मुंग्या. सांग त्या ॲम्ब्युलन्सवाल्याला, येऊ नको म्हणावं."

फोनवर निहारनेही सुटकेचा श्वास सोडला. "आता ठीक आहेत ना? मग मी सातपर्यंत येतो, तेव्हा बघू. झोपेत हात दबतो यार मृणाल, माझाही दबतो."

"हात दबला असेल. ओठ कशाखाली दबला होता, निहार?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. "निघालोच."

नवरा वळला, पण सासरे वळेनात. "अख्खी सोसायटी खिडक्यांत येईल. कशासाठी? तर ह्या ठणठणीत माणसाला स्ट्रेचरवर बघायला! मी नाही येत जा." आणि ते चक्क भिंतीकडे तोंड करून बसले. आपोआप थांबलं म्हणजे संपलं असं नव्हे, पुढचा झटका तासाभरात येऊ शकतो आणि तो कदाचित थांबणार नाही, एवढं त्या मटारांमधूनही मृणालच्या डोक्यात शिरलं होतं. पण पंच्याहत्तर किलोच्या आबांना ती उचलून थोडीच नेणार होती?

ती पलंगाला वळसा घालून त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"आबा, घाटात एका गाडीचा ब्रेक लागेचना. जरा वेळाने आपोआप लागायला लागला. ड्रायव्हर म्हणतो, आता बरोबर आहे साहेब. सोडाल ती गाडी मार्गावर?"

आबांनी चष्मा पुसायला घेतला.

"सांगा ना. सोडाल?"

"तू वकील व्हायची ती ह्या कंप्युटरमध्ये कुठे अडकलीस?"

"सोडाल का?"

"माझ्या सहीने तरी नाही," आबा म्हणाले आणि स्वेटर शोधू लागले.

हॉस्पिटलमध्ये तरुण डॉक्टरीणबाईंना त्यांनी आपल्या खास हिंदीत आधीच सांगून टाकलं, "हमको कुछ नहीं हुआ. हाथ अंग के नीचे आया था."

"अच्छा अंकल, ज़रा मुस्कुराइए. और आख़िरी बार बिल्कुल ठीक कब थे?"

"दो बजे," मृणाल म्हणाली. "जब खाने में तीसरी बार अचार माँगा था."

स्कॅन झालं, मग एमआरआय. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत एक बारीक गुठळी अडकली आणि नशिबाने सुटली. ही नुसती पक्षाघाताची सूचना होती. खरा धोका पुढच्या दोन-तीन दिवसांत, म्हणून इथेच राहायचं. "बहू ने बहुत सही किया. लोग ठीक होते ही घर बैठ जाते हैं." बीपी मात्र एकशे अठ्ठ्याऐंशी निघालं, आणि रोजच्या गोळीची चौकशी झाली.

आबा छताकडे बघू लागले.

"आबा?"

"दिवाळीपासून बंद केली. दोनदा मोजलं, नॉर्मल आलं. बऱ्या माणसाने कशाला गोळी खायची?" मृणालने ते डॉक्टरीणबाईंना हिंदीत सांगितलं.

"अंकल, नॉर्मल तो गोली की वजह से था."

आबांनी यावर बराच विचार केला. मग मराठीत, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "म्हणजे इंजिनात ऑइल भरपूर दिसलं, म्हणून घालायचंच बंद केलं मी. असं कुणी क्लीनरने केलं असतं तर कान उपटला असता."

गोळी रोज, न चुकता. थंडीत बीपी चढतं, तेव्हा तर जास्तच. मीठ कमी, चालणं जास्त. हे सगळं आबांनी मुकाट ऐकलं. लोणच्याचं नाव निघालं तेव्हा तेवढे गहिवरले.

साडेपाचला निहार धापा टाकत पोचला तोवर अबोली इन्स्पेक्टर झाली होती. पायऱ्यांवरचा गार्ड, नर्सताई, चहावाले काका, प्रत्येकाला तिने "स्माइल करो, हाथ ऊपर" करून तपासलं होतं. बाबाची तपासणी झाली. बाबा पास झाला, पण डोळे पुसत होता म्हणून पुन्हा घेतली.

तेवढ्यात मिरजेहून मृणालच्या आईचा, कुमुदिनीबाईंचा, व्हिडिओ कॉल आला. "व्याह्यांना कसं आहे आता?" असं त्या विचारतायत तोवर अबोलीने फोन हिसकावला.

"आजी, आधी हस."

आजी मनापासून हसल्या.

"दोन्ही हात वर!"

आजींनी दोन्ही हात वर केले, त्यामुळे फोन पडला आणि पडद्यावर थोडा वेळ फक्त पंखा दिसला. मृणाल दिवसभरात पहिल्यांदा खळखळून हसली.

"आता नाव सांग."

"कुमुदिनी," पंख्याच्या खालून उत्तर आलं.

"पास!"

फोन ठेवल्यावर अबोली आईच्या मांडीवर चढली. मृणालने तिचे विस्कटलेले केस बोटांनीच विंचरायला घेतले.

"आई, आबांचं अर्धं हसू मी बघितलं ना?"

"हो, माझ्या राणीनेच बघितलं."

"मग मिरजेच्या घरात आजी एकटीच असते, तिचं हसू कोण बघतं?"