सिनेमासाठी केलेलं तोंड

पेणच्या सगुणाला कुणाचाही संशय यायचा. दूधवाल्याचा यायचा, गिऱ्हाइकाचा यायचा, आणि घासाघीस न करता सांगितला भाव देणाऱ्याचा तर हटकून यायचा. नवऱ्यामागे गणपतीचा कारखाना एकटीने चालवायचा म्हणजे असा स्वभाव होतोच, त्यात तिला बोल लावण्यासारखं काही नाही. माघातले गणपती उरकल्यावर रोह्याचा सॅमसन एका सकाळी आला आणि म्हणाला, "वयनी, सिनेमासाठी एक तोंड करून पायजे, पुरुषभर उंच." तिने आधी त्यालाच खालपासून वरपर्यंत न्याहाळला.

सॅमसन शूटिंगचे सेट उभारायची कामं घेई. कोकणातल्या ज्यूंपैकी; भाऊबंद कधीच इस्रायलला गेले, हा एकटा रोह्यात राहिलेला. माणूस सरळ. त्याने ओट्यावर बसून चहा घेता घेता सिनेमा समजावून सांगितला. रोह्याजवळ एक बंद पडलेली कंपनी आहे, तिथे शूटिंग. गोष्ट पुढच्या काळातल्या एका शहराची. तिथे रोज सकाळी सगळ्यांनी चौकातल्या मोठ्या तोंडापुढे उभं राहून हसायचं, आणि जो हसणार नाही त्याचं नाव शेजाऱ्याने वर कळवायचं.

"आणि तो माणूस कोण? ज्याचं तोंड हाय तो?" सगुणाने विचारलं.

"तो येतच नाय सिनेमात. जिता हाय का मेला, तेपण कुणाला ठावं नाय. नुसतं तोंड. बाकी सगळं लोकच करतात एकमेकांना."

"मग तोंड तरी कशाला करता?"

"भ्यायला समोर कायतरी लागतं ना, वयनी."

सगुणाला हे काही पटलं नाही. दुष्ट माणूस म्हणजे त्याने पडद्यावर यावं, दात विचकावेत आणि शेवटी मार खावा, एवढा साधा हिशेब तिचा. हा कसला सिनेमा, ज्यात मार खायलाही कुणी नाही? पण फाल्गुनात कारखान्याला काम नसतं. तिने हो म्हटलं. चेहरा कुणासारखा करू विचारलं, तर सॅमसन म्हणाला, कुणासारखाच नको. पन्नाशीचा, भरल्या गालांचा, हसरा असला म्हणजे झालं.

कारखान्यात तेव्हा दोघंच होती. साच्याचं काम बघणारा काळुराम, आणि रंगाला जवळच्या गडब गावची शकू. शकू म्हणजे सगुणाची जुनी सोबतीण. नवरा गेला तेव्हा सगुणाच्या तोंडात घास घालणारी तीच. डोळ्यांची आखणी मात्र सगुणा स्वतः करी, त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. तोंड उभं राहिलं, शकूने रंग दिला, सगुणाने डोळे आखले. मागे सरून बघत असताना काळुराम सहज म्हणाला, "वयनी, हे तर आपले महिपतीशेठ."

सगुणाने आधी दार लोटून घेतलं. महिपतीशेठ म्हणजे गावचं बडं प्रस्थ, नाक्यावर बारमाही ज्यांचा हात जोडलेला फोटो लागलेला असतो ते. आणि कारखान्याची शेड त्यांचीच. कागद नाही, पत्र नाही, सगळा शब्दाचा व्यवहार. गणेशोत्सवाच्या आधी त्यांनी नुसतं "खाली करा" म्हटलं, तर ओल्या मूर्ती घेऊन ती जाणार कुठे? अख्खं वर्ष बुडालं असतं, कारखानाच बुडाला असता.

तिने नाक चपटं केलं. तरी शेठ. मिशी उतरवली, तर बिनमिशीचे शेठ. हनुवटीवर लिंपण चढवलं, तर शेठ जरा सुटल्यासारखे दिसायला लागले. अहो, एकदा दिसायला लागलं की काय करणार? मग तिने तोंडावर ताडपत्री टाकली. दारात बिस्किटांचा डबा ठेवला आणि सांगितलं, आत येताना मोबाइल यात टाकायचे. शेठचं नाव कारखान्यात काढायचं नाही. तोंडाबद्दल बाहेर अवाक्षर नाही.

काळुरामने मुकाट्याने मोबाइल टाकला. शकू हसली आणि म्हणाली, "काय गो सगुणे, तुझ्याकडेपण आता सकाळी हसायला लागणार काय?"

सगुणाला ते लागलं. त्या दिवसापासून तिचे कान शकूकडे लागले. शकू गप्प बसली की हिला वाटायचं, काहीतरी लपवते. बोलली की वाटायचं, काढून घेते. ती काळुरामला बाजूला घेऊन विचारायची, शकू काय म्हणाली, कुणाशी बोलली. काळुरामला आधी सांगण्यासारखं काही नसायचं, पण रोज विचारल्यावर माणूस काहीतरी आणून देतोच. एके दिवशी त्याने सांगितलं की शकू चहाच्या टपरीवर शेठच्या ड्रायव्हरशी बोलत होती.

"काय बोलत होतीस?" सगुणाने विचारलं.

"त्याची आयस आजारी हाय. आमच्याच आळीतली ती."

"आणि आपल्या कामाचं?"

शकूने ब्रश खाली ठेवला. "तुला काय वाटतं, सगुणे?"

दुपारी सगुणाने सांगितलं, सध्या काम नाही, बोलावलं की ये. शकूने हात धुतले, पिशवी उचलली आणि मिनिडोर रिक्षाच्या थांब्याकडे चालू लागली. सगुणाला वाईट वाटलं, पण सुटल्यासारखंही वाटलं. नुसतं वाईट वाटलं असं सांगणं खोटं होईल.

दोन दिवसांनी शेठची गाडी दारात. शेठ आत आले, इकडेतिकडे बघितलं आणि स्वतःच ताडपत्री ओढली. तोंडाकडे बराच वेळ बघत राहिले. मग पोट हलेपर्यंत हसले.

"हा तर आमचा रोह्याचा विरोधक. हुबेहूब तोच. कुणी करून घेतलं?"

"सिनेमावाल्यांनी," सगुणा कशीबशी म्हणाली. "तुम्हाला कुणी सांगितलं हो याचं?"

"कुणी नाय बा. मी यंदाच्या मोठ्या गणपतीचं सांगायला आलेलो."

शेठ मूर्तीची उंची सांगून निघून गेले. शेड वाचली. सगुणा तिथेच पाटावर बसली आणि तिला स्वतःची इतकी लाज वाटली की काळुरामकडे बघवेना.

दुसऱ्या सकाळी ती मिनिडोरने गडबला गेली. शकू अंगणात वालाच्या शेंगा झोडत होती. तिने पाणी दिलं, बसायला पोतं टाकलं, आणि पुन्हा झोडायला लागली.

"चुकलंच माझं," सगुणा म्हणाली. "शेठ काल येऊन बघून गेले, त्यांना त्यात स्वतःचं तोंड दिसलंच नाय. दुसराच कोणतरी दिसला. चल गो, मोठं काम आलंय."

"आता नाय यायची मी."

"रागावलीस?"

"राग नाय. पण नको."

सगुणा उठली. निघायचं होतं, पण एक गोष्ट विचारल्याशिवाय तिला राहवेना. "खरं सांग, तुला त्या तोंडात कोण दिसायचं?"

शकूने फोलपटं बाजूला सारली.

"कुणास ठाऊक. मी कवा नीट बघितलंच नाय. मी सारखी तुझ्याकडेच बघायची, आज तुझा डोळा कुणावर हाय म्हणून."