गिरणीचा काटा

“उतर आता खाली मंगल, काटा दमला आमचा,” अण्णा म्हणाले आणि दळण घेऊन आलेल्या चार बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

आई उतरली नाही. लाल आकडे थांबेपर्यंत ती धान्याच्या काट्यावर तशीच उभी राहिली. शहाण्णव किलो दोनशे ग्रॅम. “लिहून ठेव गं अश्विनी,” ती मला म्हणाली. “फुडच्या आयतवारी परत.”

कामथडीत आमची पिठाची गिरणी आहे. आमची म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची. पाटीवर ‘आनंदराव’ असं ठसठशीत लिहिलंय. पट्टा चढवायचा, पोतं उचलायचं, दिवसभर पीठ खात उभं राहायचं ते आईनं. अण्णा काट्याशेजारी खुर्ची टाकून वजनं करतात आणि गावाची खबर घेतात. कष्टाची वाटणी आमच्या घरात पहिल्यापासून अशी चोख आहे.

पालीच्या धनाजीमामाच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. राजगडावर येणाऱ्या पोरांना पिठलं-भाकरी करून घालणारा हा माणूस आता आठवड्यातून दोनदा पुण्याला जाऊन यंत्राला लागायचा. रत्नामामीला साखरेचा आजार, त्यामुळे तिची किडनी चालेना. आईचं सगळं जुळलं, पण डॉक्टरांनी तिला नखशिखांत पाहिलं आणि म्हणाले, वजन ऐंशीच्या खाली आणा, मग पुढचं बोलू.

त्या दिवशी पालीत अण्णांनी भरल्या घरात सांगितलं, “म्या कवा न्हाई म्हनलो? भाऊ हाय तिचा. आदी वजन तर उतरू द्या.” मामीनं त्यांचे पाय धरले. दाजी म्हणजे देवमाणूस, असं सगळे म्हणाले. देवमाणूस दोनदा भात मागून जेवला.

आईनं आधी चालून बघितलं. पहाटे हायवेच्या कडेनं नसरापूरच्या दिशेनं निघायची. पण आमच्या भागात बाईमाणूस एकटं चालताना दिसलं की लोकांना राहवत नाही. पहिल्या दिवशी दोन मोटारसायकली थांबल्या. “काकी, बसा, सोडतो.” दुसऱ्या दिवशी टेम्पो थांबला. तिसऱ्या दिवशी दूधवाल्यानं तिचं काही ऐकून न घेता तिला गाडीवर घालून दारात आणून सोडलं, वर म्हणाला, “घरात भांडान झालं का काय?”

मी शिरवळच्या कंपनीत कामाला जाते. तिथल्या एका मैत्रिणीकडून मी तिचा जुना गेमचा डबा आणला. टीव्हीला जोडायचा, दोन्ही हातांत एकेक दांडी धरायची आणि पडद्यावरची बाई करेल तसं करायचं. समोरून गोळे येतात, त्यांना ठोसे मारायचे. आडवा बांबू आला की खाली बसायचं. आपण केलं नाही तर ती बाई थांबून आपल्याकडे बघत राहते.

“ही बया लई खडूस हाय,” पहिल्या दिवशी दहाव्या मिनिटाला कॉटवर कोसळत आई म्हणाली. “माजी सासूबी एवडं बगत नव्हती.”

पण ती रोज उठली. पहाटे पाचला पदर खोचून टीव्हीसमोर उभी. गुडघ्यांना तेल, तेलावर फडकं. प्रत्येक ठोशाला ती तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणायची. एकदा मी कान देऊन ऐकलं तर ‘धना, धना, धना’ असं चाललेलं. आजी शेतात जायची तेव्हा आईनंच मामाला कडेवर वाढवलं होतं. गुरुवारी आमच्याकडे वीज जाते, तर ती काळ्या पडद्यासमोर सगळे ठोसे आठवून आठवून मारायची.

रात्री उरलेलं जेवण संपवायची तिची जुनी सवय. अन्न टाकायचं नाही म्हणून घरभराचं उरलंसुरलं आजवर तिच्याच पोटात गेलं होतं. ते आता शेजारच्या म्हशीला जाऊ लागलं. अण्णा मात्र दर रविवारी काट्याचा कार्यक्रम झाला की नसरापुराहून गरम भजी आणायचे. “दमलीस, खा,” म्हणायचे. नवऱ्यानं आणलंय म्हणून ती एक खायची. मला वाटायचं, बघा, माया आहे माणसाला. किती मूर्ख होते मी!

दिवाळीनंतर सुरू केलेलं, आषाढात एका रविवारी काटा एकोणऐंशी किलो सहाशेवर थांबला. बायका हसल्या नाहीत. म्हाताऱ्या अंबूबाईंनी तर आईवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. अण्णा खुर्चीतून उठले. “काटा बिगडला आसंल,” असं म्हणून त्यांनी वीस किलोचं लोखंडी माप काट्यावर ठेवलं. बरोबर वीस भरले. त्या दिवशी भजी आली नाहीत.

दवाखान्यातून कागद आले. त्यांच्याकडे नवऱ्याची सही लागते. सहीशिवाय फाईल पुढे जात नाही. आईनं कागद अण्णांपुढे ठेवला, त्यावर पेन ठेवलं. अण्णांनी पेन उचलून खिशाला लावलं.

“गिरणी कोन चालवनार? पोती कोन उचलनार? उद्या तुजं काय कमीजास्त झालं तर?”

“अवो, पालीत तुमीच म्हनला हुता.”

“म्हनलो हुतो. मला काय ठावं तू खरंच उतरवशील?”

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं. मी ओरडले, रडले, बापाला बोलू नये ते बोलले. आई तीन आठवडे रोज एकदा तो कागद त्यांच्या ताटाशेजारी ठेवत होती. ते त्याच्यावर चटणीची वाटी ठेवून जेवायचे.

आणि मामाचा फोन यायचा. आई माझ्याकडे न बघता त्याला सांगायची, “आजून दोन किलो ऱ्हायलंत रं धना. व्हतील.” नवऱ्याची लाज माहेरी उघडी पडू नये म्हणून. पलीकडून मामा म्हणायचा, “आक्का, दमू नगंस. म्या हाय की तवर.”

श्रावणात मामा गेला. बहिणीचे दोन किलो उतरायची वाट बघत गेला.

दहाव्याला पालीत बायका कुजबुजत होत्या. आईला ऐकू जाईल इतपतच हळू. “भाऊ मरत हुता, तरी हिच्यानं तोंड आवारलं न्हाई.” रत्नामामी आईशी एक शब्द बोलली नाही. अण्णा पुरुषांत बसून सुस्कारा सोडत म्हणाले, “आमी तर द्यायला तयार हुतो. पन वजनच उतरंना, काय करता.” मी उठणार, तोच आईनं माझं मनगट असं आवळलं की बांगडी फुटली.

घरी आल्यावर अण्णा म्हणाले, “आता तो डबा परत देऊन टाक. कशाला हवाय?” दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला भिंतीपलीकडून ठोशांचा आवाज आला. फक्त आता ती तोंडानं काही म्हणत नव्हती.

रविवारी गिरणीत गर्दी होती. दहाव्याला पालीत आलेल्या दोघी-तिघीही डबे घेऊन रांगेत होत्या. आईनं पट्टा उतरवला, गिरणी थांबली. हात पुसत ती आली आणि काट्यावर उभी राहिली.

“अवो,” ती म्हणाली, “आकडा वाचा.”

अण्णा वहीत बघत राहिले.

“दर आयतवारी वाचत हुता. आजबी वाचा. जरा मोट्यानं, समद्यास्नी ऐकू जाऊ द्या.”

अंबूबाईंना आकडे कळत नाहीत. त्यांनी अण्णांकडे बघून विचारलं, “किती भरलं रं आनंदा?”

अण्णांनी हात लांब करून काट्याचं बटण बंद केलं. लाल आकडे विझले. आई खाली उतरली नाही. तिच्या मागे बायका आपापलं दळण हातात धरून उभ्या होत्या, आणि काट्यावर डबा ठेवायला कोणीच पुढे आलं नाही.