दुसरा पॉवर सप्लाय

रक्ततपासणीच्या त्या मोठ्या लॅबमध्ये सर्व्हरची खोली ती सांभाळायची, आणि तिचा साहेब होता तिचाच धाकटा दीर. नोकरी त्यानेच लावून दिली होती. ते उपकार घरात तिला कुणी विसरू देत नसे.

सर्व्हरच्या पाठीला दोन पॉवर सप्लाय असतात. एक गेला तर दुसरा मुकाट्याने सगळा भार उचलतो. त्यातला एक गेला तसं मशीन टीं टीं करून ओरडायला लागलं. ती तडक दिराच्या केबिनमध्ये गेली.

"भाऊजी, आजच नवा मागवा. उरलेला गेला तर सगळंच झोपेल."

"चालतंय ना? मग! यंदा खर्च कमी दाखवायचाय मला. आणि वहिनी, आधी ती पिपाणी बंद करा. बाहेर पेशंट बसलेत."

तिने आवाज बंद केला, पण पिच्छा सोडला नाही. तो हसण्यावारी न्यायचा. "तुम्ही म्हणजे ना, सुतावरून स्वर्ग गाठता!"

मग ऐन गर्दीच्या सकाळी उरलेलाही गेला. सगळे स्क्रीन काळे. रिपोर्ट अडकले, ऑपरेशनसाठी खोळंबलेले डॉक्टर फोनवर खेकसू लागले. कुठली नळी कुणाची तेच कळेना, म्हणून लोकांना पुन्हा सुया टोचाव्या लागल्या. एका म्हातारीने काळानिळा हात तिच्यापुढे धरला. "शीर सापडत नाही गं माझी. जरा हळू टोचायला सांग त्यांना." तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी घरी नवऱ्याने विषय काढला. "उद्या मालक विचारतील. तू सांगायला विसरलीस म्हण. धाकट्याची बढती तोंडावर आलीय. तो काय तुला वाऱ्यावर सोडणार आहे?"

दुसऱ्या दिवशी मालकांसमोर ती तसं म्हणाली आणि दिराकडे पाहत राहिली. आता तरी एखादा शब्द टाकेल! त्याने घसा खाकरला. "वहिनी असल्या तरी नियम तो नियम, सर." दुपारपर्यंत तिची नोकरी गेली.

बढती मिळाली तेव्हा त्याने घरी सगळ्यांना बोलावलं. ती पाण्याचा ट्रे घेऊन बाहेर आली तर तो सांगत होता, "वहिनींसाठी मालकांचे अक्षरशः पाय धरले मी. पण चूकच एवढी मोठी!"

"असा दीर मिळायला नशीब लागतं," आतेसासूबाई म्हणाल्या. नवऱ्याने मान डोलावली.

"भाऊजी," ती म्हणाली, "पाय धरलेत तेव्हा मी तिथंच उभी होते. मला कसं दिसलं नाही?"

दिराने नजर चुकवली. सगळे नवऱ्याकडे पाहू लागले.

"अगं, आत्याबाईंना पाणी दे आधी," तो म्हणाला. "केव्हाच्या थांबल्यात."

तिने पाणी दिलं. ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचली नसेल, तोच मागे दिराचं बोलणं पुन्हा रंगलं, आणि कुणीतरी खळखळून हसलं.